घासाच्या जागी घास

बियाण्याच्या दुकानात कुणी पेढे घेऊन येत नाही. पीक जोमात आलं तर ते जमिनीचं, पावसाचं, नाहीतर पेरणाऱ्याच्या हातगुणाचं. आलं नाही तर मात्र ते बी देणाऱ्याचं. देवगाव फाट्यावर मी उभा जन्म जी दुकानदारी केली ती एवढ्या दोन वाक्यांत बसते.

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, "काकू, दुकानातल्या गमतीजमती लिहा." गमती होत्या, नाही असं नाही. सेलूकडचे एक रिटायर गुरुजी होते, ते प्रत्येक बी दाताखाली फोडून बघितल्याशिवाय पिशवी घ्यायचे नाहीत. एकदा औषध लावलेला गुलाबी मका तोंडात टाकला. मी गल्ल्यावरून उठून त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाले, "गुरुजी, थुंका आधी, मग परीक्षा घ्या." एक जण तर माळ्यावरचं दोन सालं जुनं कांद्याचं बी घेऊन आला आणि कालच तुमच्याकडून नेलं म्हणून शपथा घ्यायला लागला. मी त्याला फाट्यावरच्या मारुतीसमोर चल म्हटलं, तर चहा पिऊन येतो म्हणाला, तो अजून आलेला नाही.

पण हे लिहायला बसले आणि डोळ्यापुढं उभी राहिली ती चारठाण्याची शिवकांता. ती आली की गंमत म्हणून काही नसायचं. तिच्या मुठीत कायम काहीतरी वाळलेलं असायचं. गुरुजींना त्यांच्या जागी बसू द्या, मी तिचंच सांगते.

माझं दुकान म्हणजे काय, पत्र्याची एक खोली आणि पुढं दगडी पायरी. आमचे हे गल्ल्यावर बसायचे तेव्हा गिऱ्हाईक खूश आणि घर उपाशी. म्हणून मी बसायला लागले. माझी जीभ तिखट आहे, फाट्यावरच्या जीपवाल्यांना विचारा. पण उगवणार नाही असं बी मी कुणाच्या पदरात घातलं नाही. त्याची माझी एक रीत होती. नवी गोणी आली की मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. मोड नीट आले तर विकायचं, नाही आले तर गोणी परत. भांडायला आलेल्या माणसापुढंही मी तेच गोणपाट उलगडून धरायचे. मग त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

आता लसूणघास. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. दिसायला मेथीसारखा, एका देठाला तीन पानं, वेळेवर कापला नाही तर जांभळी फुलं येतात. दिवाळी उरकली की पेरायचा. दोनेक महिन्यांत पहिली कापणी, मग दर महिन्याला कापत राहायचं. एकदा जमिनीत बसला की तीन-चार वर्षं हलत नाही, मूळ पार खोल जातं. म्हशीला हा घास मिळाला की दूध वाढतं आणि डेअरीच्या मशीनवर फॅटही लागतो. गोठ्यात दुभतं असेल तर विहिरीजवळ घासाचा एक हिरवा तुकडा असायलाच लागतो. तोच तुकडा, पिढ्यान् पिढ्या. पाणी तिथंच पोचतं आणि डोक्यावरून ओझं आणायला गोठाही तिथून जवळ पडतो.

आणि तिथंच सगळं अडतं. चार वर्षांनी घास विरळ होतो, मधे मधे टक्कल पडतं. माणूस काय करतो? नांगरतो आणि त्याच जागी पुन्हा घास पेरतो. गहू उगवेल, ज्वारी उगवेल, घास उगवत नाही. म्हणजे उगवतो, बोटभर होतो आणि तिथंच पिवळा पडून बसून राहतो.

शिवकांता पहिल्यांदा आली ती अशीच. दिवाळीनंतर बी घेऊन गेलेली. तीनेक आठवड्यांनी जीपमधून उतरली ती सरळ पायरी चढून आत, आणि मूठ गल्ल्यावर उघडली. मुठीत रोपं होती, केसाएवढी.

"काकू, तुमचं बी वांझ निघालं."

असं मला कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. मी गल्ल्यावरून उठले. कोपऱ्यातलं गोणपाट आणलं आणि तिच्यापुढं उलगडलं. त्याच गोणीतलं, चार दिवसांपूर्वी परत भिजवलेलं बी, मोडांनी गच्च भरलेलं. ती बघत राहिली.

"मग माझ्यातच का पिवळं पडायलंय?" आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"आधी काय होतं तिथं?"

"घासच की. आमच्या सासूबाई होत्या तवापास्नं तिथं घासच हाय. औंदा पातळ पडला म्हणून मोडला आणि लगेच पेरला. जुनी मुळं-पानंबी फेकली न्हाईत मी. समदी मातीत गाडली, खत व्हईल म्हणून."

तिनं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

परभणीचे एक साहेब होते, वैरणीच्या पिकांत डोक्याचे केस पांढरे झालेले. येता-जाता माझ्या दुकानावर चहाला थांबायचे. त्यांनी मला हे नीट समजावलं होतं. जुना घास आपल्या पानांतून, मुळांतून जमिनीत काहीतरी सोडत राहतो. ते ज्वारीला बाधत नाही, मक्याला बाधत नाही. बाधतं फक्त घासाच्याच नव्या रोपाला. त्याच्या मुळाचं टोक करपतं, मूळ खाली जात नाही. साहेब म्हणायचे, याचं कुणाशी वाकडं नाही, हा फक्त आपल्याच लेकराला वाढू देत नाही. औषध नाही, खत नाही. वर्ष-दोन वर्षं तिथं दुसरं काही घ्यायचं, आणि आपल्या काळ्या भारी जमिनीत तर घाई करायचीच नाही, कारण ती पाणी धरते तसं हेही धरते.

म्हणजे शिवकांतानं खत म्हणून जे गाडलं होतं, त्यानंच तिचा घास खुंटला होता.

मी तिला हे सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. माणसं नजर लागली म्हणत होती, बांधावर काळी बाहुली टांगून झाली होती. मी म्हटलं, त्या तुकड्यातली माती आण. तिनं पिशवीभर आणली. पायरीवर दोन कुंड्या ठेवल्या, एकीत तिची माती, दुसरीत दुकानामागची. दोन्हीत एकच बी, एकच पाणी. एसटीची वाट बघणारे लोकसुद्धा वाकून बघायला लागले. माझ्या मातीतला घास वीतभर झाला, तिच्यातला बोटभर झाला आणि थांबला. ती बघायला आली, दोन्ही कुंड्यांपुढं उकिडवी बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं होतं, पटलं की बरं वाटेल तिला. कसलं बरं वाटतंय. नजर लागली असती तर उतरवता आली असती.

"दुसरीकडं पेर," मी म्हटलं.

"दुसरीकडं पाणी कुठं हाय, काकू?"

तिच्यासाठी हा घास म्हणजे काय होता ते आता सांगते. घरात ती आणि तिचे सासरे महादप्पा. नवरा पुण्यात कंपनीच्या गेटवर वॉचमन. तो वर्षभर एकच सांगत होता, म्हशी विक, आप्पाला घे आणि इकडं ये. तीन म्हशी होत्या. त्या होत्या तोवर तिच्याकडं उत्तर होतं, म्हशी टाकून कशी येऊ. तिला जायचं नव्हतं. एकदा जाऊन आली होती. एक खोली, नळाला रांग, आणि दिवसभर दार लावून बसायचं. म्हणायची, "तिथं मला हाताला काम न्हाई, काकू. आन् आप्पाला मी तिथं कुठं ठिवू?"

आप्पा तर गाव सोडणारच नव्हते. ही लिंगायत घराणी. यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि पुष्कळांची समाधी स्वतःच्या रानातच असते. विहिरीच्या अलीकडं घासाचा तुकडा, आणि पलीकडं तेवढाच दुसरा तुकडा, तो समाध्यांचा. आप्पांचे वडील, आजोबा, आणि आप्पांची बायको. तीन ओटे, एक बेलाचं झाड. ओटे सोडले तर बाकी तुकडा रिकामाच, पण तिथं कधी औत गेलं नव्हतं. बायकोच्या ओट्याशेजारी आप्पांनी एक दगड रोवून ठेवला होता, ती त्यांची स्वतःची जागा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, घराची खोली दाखवावी तशी.

पाणी पोचणारी जमीन एवढीच. एका तुकड्यात घास येत नव्हता आणि दुसऱ्यात पेरायचा नव्हता.

मी तिला दुसऱ्यांदा घासाचं बी दिलं नाही. मक्याचं दिलं. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं घालवणारी बाई म्हणून मी आधीच बदनाम होते. पण धीर धरवेना तिला. संक्रांतीच्या सुमाराला जिंतूरहून घासाचं बी आणून तिनं अर्ध्या तुकड्यात परत टाकलं. मला कळलं ते मुठीवरूनच. ह्या वेळी ती भांडली नाही. मूठ उघडली, रोपं गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाली, "पेरून बघावं म्हणलं, एकदा तरी येईल." मका आला, म्हशींनी खाल्ला, पण त्यांचं दूध घासावर होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला पहिली म्हैस बाजारात गेली. पावसाळ्यात दुसरी. नवऱ्याचे फोन वाढले.

मग मीच चारठाण्याला गेले. दुकान बंद करून गिऱ्हाइकाच्या घरी जायची माझी पद्धत नव्हती. आप्पा बेलाखाली बसले होते, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. मला बघून घोंगडी झटकून टाकली.

"बसा, ताई. चहा ठिवायला सांगतो."

मी चहाची वाट बघितली नाही. "आप्पा, हा तुकडा द्या तिला. नांगर घालायचा नाही, कुदळीनं वरवर हलवायचं. ओट्यांना हात लागणार नाही."

"माझा बाप बसलाय इथं, ताई. त्याच्या डोक्यावर पानी सोडू? गुरांचा चारा उगवू?"

"तिसरी म्हैस गेली की सून पुण्याला जाईल."

"जाऊ द्या. मी हाय इथं."

"आणि भाकरी कोण घालंल तुम्हाला?"

त्यांनी घराकडं वळून चहासाठी हाक दिली. मी जरा जास्तच बोलले होते, पण माझा स्वभाव तसाच. चहा आला, तो आम्ही प्यालो. निघताना त्यांनी मला बेलाचं पान दिलं, राग नाही म्हणून. पण हो म्हणाले नाहीत. परतीच्या जीपमध्ये मला वाटलं, साहेब बरोबर, मी बरोबर, आप्पाही त्यांच्या जागी बरोबर, आणि ह्या सगळ्या बरोबरीत म्हैस तेवढी उपाशी.

दिवाळीच्या पाडव्याला दुकान पूजेसाठी उघडलं होतं. शिवकांता आली. मूठ रिकामी.

"काकू, बी द्या. आप्पा पेर म्हणाले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या बापानंबी म्हशीच राखल्या, त्याला वाईट वाटणार न्हाई."

मी बी मोजून दिलं आणि वर चार मुठी टाकल्या. माझ्या दुकानातून वर काही जात नसे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तिनं कुदळीनं एकटीनं ते रान हलवलं. ओट्यांच्या भोवती हातभर जागा सोडली, आणि आप्पांच्या दगडाजवळचा चौकोन सोडला. आप्पा काठी टेकत आले आणि विचारलं, हे का सोडलंस? ते म्हणाले, "पेर तिथंबी. मी काय लगेच तिथं बसणार न्हाई." तिनं तिथंही पेरलं.

आणि घास आला. काय आला म्हणून सांगू. कधी न कसलेली माती, पिढ्यांचा बेलाचा पाला कुजलेला, वर विहिरीचं पाणी. मी खास बघायला गेले. इतकी वर्षं बी विकलं, पण असा दाट घास कमी वेळा बघितला. आप्पा दिवसभर बांधावर बसून पाखरं हाकायचे. मला बघून म्हणाले, "बघा ताई, माझ्या बापाचा हातगुन." मी म्हटलं, "बी माझं हाय, आप्पा." ते हसले. आयुष्यात एकदा मला ते श्रेय हवं होतं, पण त्यांनी काही दिलं नाही.

संक्रांत झाली. येत्या सोमवारी पहिली कापणी धरायची असं आप्पांनीच ठरवलं होतं. रविवारी सकाळी ते बांधावर बसल्या जागी गेले. शिवकांता चहा घेऊन आली तेव्हा काठी मांडीवर तशीच होती म्हणे.

मी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती. आप्पांना भिंतीला टेकवून बसवलेलं, भस्म लावलेलं, विधीसाठी स्वामी येऊन पोचलेले. खड्डा घ्यायला माणसं कुदळी-फावडी घेऊन विहिरीकडं निघाली. शिवकांता उठली, कोपऱ्यातला विळा घेतला आणि त्यांच्या पुढं गेली.

"थांबा," ती म्हणाली. "तेवढा कापते."

दगडाभोवतीचा चौकोन तिनं एकटीनं कापला, मुळाशी, अगदी नीट, दुभत्यासाठी कापावा तसा. कुणी तिला घाई केली नाही. कापून झाल्यावर पेंढी बांधली, डोक्यावर घेतली आणि गोठ्यात जाऊन म्हशीपुढं टाकली. मग परत आली आणि म्हणाली, "आता घ्या खड्डा." सव्वा वर्ष जिच्यासाठी ही बाई झुरली ती पहिली कापणी अशी झाली. मी बांधावर उभी होते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला रडू आलं ते थांबेना.

आप्पांना त्यांच्या बायकोशेजारी बसवलं. माती देताना लोकांच्या पायाखाली घास तुडवला गेला. तुडवला तरी तो आठवड्यात उठतो, त्याचं काही नव्हतं.

नवरा आलाच होता. माणूस वाईट नाही, मी त्याच्याशी बोलले. दिवसकार्य उरकलं तसा तो म्हणाला, "आता तर आप्पाबी न्हाईत. हिनं एकटीनं कुणासाठी ऱ्हायचं इथं?" मी म्हटलं, "बाबा, आता तर घास आलाय." तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला ते खरंच कळलं नाही. एवढं सगळं झाल्यावर काकू घासाचं काय घेऊन बसल्यात, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शिवकांता चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं मान वर केली नाही. आप्पा होते तोवर ती त्यांच्यासाठी नाही म्हणू शकत होती. स्वतःसाठी नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि तशी सवय आमच्याकडच्या बायकांना लावतं कोण?

तिसरी म्हैस बाजारात गेली. जीपसाठी ते दोघं फाट्यावर आले तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर क्षणभर बसली. त्या दोन कुंड्या अजून तिथंच होत्या, वाळलेल्या. तिनं तिच्या मातीची कुंडी उचलली, माती पायरीखाली ओतली आणि कुंडी मला परत दिली.

त्यानंतर मी दुकान फार दिवस चालवलं नाही. गुडघे गेले, हे खरंच आहे. पण त्याहून खरं हे, की बी द्यायला हात पुढं होईना. साहेबांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. मी तिला सांगितलं ते खोटं नव्हतं. पण वर्ष-दोन वर्षं थांब, असं जिला सांगायचं तिच्याकडं थांबायला काही असावं लागतं. ते माझ्या दुकानात कोणत्याच गोणीत नव्हतं. आता फाट्यावर त्या खोलीत मोबाईलचं दुकान आहे.

गेल्या महिन्यात चारठाण्याला एका लग्नाला गेले होते. वाट वाकडी करून विहिरीवर गेले. घर बंद. घास कमरेएवढा झालेला, जांभळी फुलं भरलेली, चारी ओटे त्यात बुडालेले. जुन्या तुकड्यात मात्र नुसतं तण. मी तिथंच उभी असताना फोन वाजला. शिवकांता मधूनमधून फोन करते. कुठं हायसा म्हणाली, मी सांगितलं.



"घास हाय का, काकू?"

"हाय. फुलावर आलाय."

"फुलावर आला म्हंजी जून होईल. कुणाला तरी कापून न्या म्हणावं. म्हशी असतील त्याला द्या."

मी हो म्हटलं. मग आजूबाजूची चार घरं फिरले. कुणाच्याच गोठ्यात म्हैस नव्हती.

तिला अजून फोन केलेला नाही.